उजवीकडचं थ्रॉटल

आमच्या घरात बर्फ फक्त फ्रीजरमध्ये असतो. तरीही माझ्या नवऱ्याने अबुधाबीत, मुसफ्फामधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लहान मुलांनी चालवायच्या दोन जुन्या स्नोमोबाइल दुरुस्त करून चालत्या केल्या. पुढे घसरण्यासाठी दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा आणि मधे इवलंसं इंजिन. बर्फावर पळायला केलेल्या या गाड्या वयाने नवऱ्यापेक्षाही मोठ्या. ऐकणारा प्रत्येकजण आधी हसायचा आणि मग विचारायचा, "पण चालवणार कुठे?" नवरा म्हणायचा, "वाळूत." मग तो माणूस माझ्याकडे बघायचा, जणू यावर मी काहीतरी बोलायला हवं. मी पाहुण्यांपुढे सरबत ठेवायचे.

सुरुवात झाली ती एका मॉलमधल्या खोट्या बर्फाच्या पार्कात. आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिचा उजवा हात जन्मापासून अधू आहे. बाळंतपणात खांद्यापाशी नस ताणली गेली. कोपर वाकतं, बोटं मिटतात, पण त्यांत जोर नाही, आणि अंगठा तर नावालाच आहे. बाकी पोरगी ठणठणीत, तोंडाने तर जरा जास्तच. दुसऱ्या हाताची कामं ती दातांनी करते. बुटाची नाडी, वेफर्सचं पाकीट, हूडीची दोरी, सगळं डावा हात आणि दात. दातांच्या डॉक्टरांचं मला दोनदा ओरडून झालं आहे. मी तिला ओरडत नाही.

पार्कात मुलांसाठी बॅटरीवरच्या छोट्या स्नोमोबाइल होत्या. बऱ्याच वेळाने तिचा नंबर आला. तिथे काम करणाऱ्या मुलीने तिला नीट बसवलं आणि म्हणाली, "बोथ हँड्स, स्वीटी. होल्ड टाइट." लेकीने डाव्या हाताने उजवा हात उचलून हँडलवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्या मुलीने वॉकीटॉकीवर कोणाला तरी विचारलं आणि मग खाली वाकून, अगदी मायेने नाही म्हणाली. तिची काही चूक नव्हती, तिथला तो नियमच होता. लेक उतरली, जॅकेटची चेन दातांनी वर ओढली आणि म्हणाली, "इट्स ओके. इट वॉज टू स्लो एनीवे."

आम्ही गाडीत बसून घरी निघालो. मला तिचं ते वाक्य ऐकू येत होतं. नवऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र ती स्नोमोबाइल होती.

तो इमारती थंड ठेवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. कंपनीची मुसफ्फाला शेड आहे, आणि मालकाने त्याला तिथला एक कोपरा छंदासाठी दिलेला आहे. आधी तिथे जुन्या स्कूटर असायच्या. पार्कातल्या प्रसंगानंतर त्याने जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणणाऱ्या एका ओळखीच्या पठाण व्यापाऱ्याला सांगून ठेवलं. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, स्पीकरवर. "साब, कॅनडा का कंटेनर उतरा है खोर फक्कान में. बच्चा लोग का बर्फवाला गाडी है, तीन पीस. लेगा?" नवऱ्याने मला भाव दिरहममध्ये सांगितला आणि त्याचे रुपये करायला लागला, तेव्हा मी हात जोडले. "रुपयात सांगू नकोस, मला पुण्यातली किराणा यादी आठवते." दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन खोर फक्कानच्या बंदरावर गेला.

तीनपैकी एक गाडी पार सडलेली होती. तिचे भाग काढून बाकीच्या दोन उभ्या करायच्या असं ठरलं. एक पिवळी, एक लाल. लाल आमच्या लेकीची. जवळजवळ वर्षभर त्याचे शनिवार त्यात गेले. एका सीटखाली उंदरांनी घर केलेलं निघालं, आणि तेही कॅनडाचे उंदीर म्हणून लेकीला त्याचं फार कौतुक. तो कार्बोरेटर उकळत्या पाण्यात टाकायचा, बेअरिंग ठोकून काढायचा, रबरी पट्ट्याच्या भेगा बोटाने चाचपायचा. लाल रंग उन्हाने विटला होता, पण सीटच्या खाली जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथला मूळ रंग पाहून त्याने तोच रंग मिळवला. या गाड्यांना बर्फच थंड ठेवतो आणि बर्फच घसरवतो, वाळूत मात्र इंजिनही तापतं आणि पट्टाही झिजतो, म्हणून त्याने पुढच्या पट्ट्यांना रुंद पत्रे लावले आणि फेऱ्या छोट्याच मारायच्या असं ठरवलं. लेक डाव्या हातात टॉर्च धरून त्याच्या शेजारी उकिडवी बसायची. मी डबा घेऊन जायचे. दोघांच्या नाकाला ग्रीस. तेवढे शनिवार आमचे खरंच चांगले गेले.

भांडण झालं ते थ्रॉटलवरून. या गाडीच्या उजव्या मुठीपाशी एक छोटी पट्टी असते. अंगठ्याने दाबली की गाडी पळते, सोडली की मंदावते. डाव्या बाजूला ब्रेक. मी म्हटलं, "थ्रॉटल डावीकडे घे."

"ओरिजिनल उजवीकडे आहे," तो म्हणाला. "व्हिंटेज आहे गं. कंपनीने जसं बनवलं तसंच ठेवायचं. त्यालाच तर रिस्टोरेशन म्हणतात."

"मग ती दोरी कुठली ओरिजिनल?" त्याने दोन्ही गाड्यांना एकेक दोरी लावली होती. दोरीचा चाप मुलाच्या जॅकेटला अडकवायचा. मूल पडलं की दोरीला हिसका बसून इंजिन बंद.

"ती सेफ्टी आहे."

"आणि हे काय आहे?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "डावीकडे घेतलं तर ती उजवा वापरणारच नाही. रोज ते चिमटे दाबून बोअर होते ती. इथे मजा आहे. गाडी पळवायच्या लोभाने अंगठा दाबेल. बघ तू."

तेव्हा मला कळलं की गाडीचा हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता.

चिमट्यांचं सांगायला हवं. रोज जेवणानंतर आमच्याकडे चिमट्यांचा कार्यक्रम असायचा. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे एका डब्यात भरलेले. उजव्या अंगठ्याने आणि बोटाने एकेक दाबायचा आणि ताटलीच्या काठाला लावायचा. हात आखडू नये, आहे तेवढी ताकद टिकावी म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेला व्यायाम. नस जी काय सुधारायची ती पहिल्या दोन-तीन वर्षांत सुधारते, पुढे फारशी आशा नसते, हेही त्यांनीच सांगितलं होतं, आम्हा दोघांना, एकाच खोलीत, एकाच वेळी. मी ते ऐकलं. नवऱ्याने दुसरंच काही ऐकलं असावं. तो रोज ताटलीसमोर खुर्ची ओढून बसायचा. चिमटा निसटला की म्हणायचा, "येईल. अजून थोडं." वर्षानुवर्षं तेच. त्या "येईल"ची मला चीड यायला लागली होती.

म्हणून त्या संध्याकाळी घरी आल्यावर माझा आवाज चढला. "ती लेक आहे तुझी! मशीन नाहीये, रिस्टोअर करायला!"

तो ग्रीसचे हात धुवायला निघून गेला. लेक आतल्या खोलीत होती. तिने हेडफोन लावलेले असतील असं मी धरून चालले.

थ्रॉटल उजवीकडेच राहिलं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शेडच्या अंगणात चाचणी झाली. पिवळी गाडी नवऱ्याच्या मित्राच्या मुलाने मजेत फिरवली. लालवर लेक बसली. नवऱ्याने स्टार्टरची दोरी ओढून इंजिन सुरू केलं. लेकीने अंगठा पट्टीवर ठेवला आणि दाबला. इंजिनाचा आवाज थोडा वाढला, गाडी थरथरली, पण जागची हलली नाही. तिने ओठ आत घेऊन पुन्हा दाबलं. तिच्या कपाळाची शीर उठलेली मला लांबून दिसत होती. पुन्हा तेच. "येईल," नवरा म्हणाला. "अजून थोडंच राहिलंय. दसऱ्याला चालवणारच तू." आणि त्याने खरोखरच इथल्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं की दसऱ्याला आमची लेक स्नोमोबाइल चालवणार. खाली टाळ्यांची आणि बदामांची ही रांग. कोणीतरी "इन्शाल्ला" लिहिलं. लेकीने तो मेसेज माझ्या फोनवर वाचला आणि फोन परत दिला.

इथे सण सुट्टीच्या दिवशी येतात. दसरा मधल्या वारी होता, आम्ही तो शनिवारी केला. अल ऐनच्या रस्त्यावर एक फार्म भाड्याने घेतलं होतं. चारी बाजूंनी वाळू, एका कडेला खजुरांची रांग, गवताचा एक तुकडा, त्यावर खुर्च्या आणि श्रीखंडाचे डबे. गाड्या ओळीने उभ्या करून त्यांची पूजा झाली. मग ट्रेलरवरून दोन्ही स्नोमोबाइल उतरवल्या. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या एक काकू आहेत. निम्मं आयुष्य आखातात गेलेलं, पण कुंकवाचा करंडा पर्समध्ये असतोच. त्यांनी दोन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचे हार काढले.

"काकू, हार नको," नवरा म्हणाला. "चालती गाडी आहे, कुठेतरी गुंतेल."

"अरे, पूजेशिवाय वाहन चालवतात का? काही होत नाही." काकूंनी गाडीच्या नाकावरच्या दांडीला हाराचे दोन वेढे दिले आणि उरलेला हार हँडलच्या उजव्या मुठीवरून लोंबता सोडला. इथल्या दुकानातले हार हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात. फुलं गळतात, पण दोरा काही तुटत नाही.

मग आपट्याची पानं वाटली. पुण्याहून विमानाने आलेली, मलूल झालेली. मुलं मोठ्यांना सोनं देऊन पाया पडत होती. लेक काकूंपुढे गेली, डाव्या हातात पान. काकू हसून म्हणाल्या, "उजव्या हाताने द्यावं गं बाळा." म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. त्यांना सगळं माहीत आहे, तोंडाला सवय असते ती निघाली. लेकीने पान उजव्या हाताच्या बोटांत खोचलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि अख्खा हात उचलून त्यांच्यापुढे केला. काकूंनी पान घेतलं आणि तिला जवळ ओढलं. त्यांच्या खांद्यावरून लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

ऊन उतरल्यावर पिवळ्या गाडीच्या फेऱ्या झाल्या. पोरांनी आरडाओरडा करून फार्म डोक्यावर घेतलं. मग नवरा सगळ्यांना म्हणाला, "आता बघा. माझी लेक. उजव्या अंगठ्यावर." त्याने इंजिन सुरू केलं, दोरीचा चाप तिच्या जॅकेटला अडकवला आणि फोन घेऊन धावत पलीकडच्या टोकाला गेला, समोरून शूटिंग करायला. लेक खाली मान घालून हँडलपाशी काहीतरी करत होती. हेल्मेटची काच वर होती. त्याचा पट्टा नीट करत असेल असं मला वाटलं.

आणि गाडी निघाली.

हळूहळू, सरळ, फटफट आवाज करत. हार उजव्या मुठीवर झुलत होता. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. पलीकडून नवरा ओरडला, "चाललाय! अंगठा चाललाय!" त्याचा आवाज फाटला. तो एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. मीही उभी राहिले. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की तो बरोबर होता आणि मी उगाच त्याच्या आशेवर पाणी ओतत बसले होते. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं.

नवरा तिच्या वाटेतच उभा होता. त्याला टाळायला तिने हँडल वळवलं, आणि वळवल्याबरोबर गाडीने उसळी घेतली. इंजिन किंचाळायला लागलं. ब्रेकला न जुमानता गाडी खजुरांच्या रांगेकडे निघाली. "बाबा!" ती ओरडली. "बाबा, थांबत नाहीये!" आमची मुलगी आमच्याशी इंग्रजीत बोलते. ते ती मराठीत ओरडली. आम्ही सगळे धावलो, वाळूत पाय रुतत होते. झाडं अगदी जवळ आल्यावर तिने स्वतःला डाव्या बाजूला फेकून दिलं. दोरीला हिसका बसला, इंजिन बंद पडलं, आणि गाडी पाण्याच्या पाटाच्या बांधावर नाक टेकून थांबली.

हेल्मेटमुळे डोकं वाचलं. मनगट मोडलं. डावं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नवरा माझ्याशेजारी बसला होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "एका दृष्टीने... आता उजवा वापरावाच लागेल ना तिला." मी त्यावर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाई पर्स उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या, एवढंच सांगते.

पुढचे आठवडे वाईट गेले. अकरा वर्षांच्या मुलीला आईने भरवायचं, धुवायचं, केस बांधून द्यायचे. ती मान वळवून भिंतीकडे बघत सगळं करून घ्यायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत नवऱ्याने तिच्या उजव्या हातात चमचा दिला. जाड रबराची मूठ बसवून त्यानेच तो तयार केला होता. वरणभाताचा पहिलाच घास तिच्या टी-शर्टवर सांडला. "येईल," तो म्हणाला. दुसरा मांडीवर सांडला. तिने चमचा तसाच ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून ते उघडलं, लहान बाळासारखं. नवरा उठून बाल्कनीत गेला.

काकूंशी तो बोलायचा बंद झाला होता. "सांगितलं होतं, हार नको म्हणून." त्याच्या लेखी विषय तिथे संपला होता. हार गुंतला, थ्रॉटल अडकलं. काकू मला रोज फोन करून रडायच्या. "माझ्या हातून झालं गं. मी कशाला हट्ट केला?" मी त्यांची समजूत काढायचे, पण मलाही दुसरं काही कारण दिसत नव्हतं.

एक दिवस मी ऑफिसातून परस्पर मुसफ्फाला गेले. त्या लाल गाडीचं काहीतरी करून टाक, वीक नाहीतर भंगारात दे, हे सांगायला. नवरा चिलरचा एक पंप उघडून बसला होता. लाल गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. फार्मवरून आणली तशी त्याने झाकून ठेवली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं त्याला. मी ताडपत्री ओढली. झेंडू सुकून काळपट झाले होते. हिरवा दोरा तसाच होता.

मी वाकून बघितलं आणि वाकलेलीच राहिले.

"इकडे ये," मी म्हटलं.

"काय बघायचंय त्यात? गुंतलाय हार."

"गुंतलेला नाहीये. बांधलाय."

दोऱ्याचे दोन वेढे मुठीवर आणि थ्रॉटलच्या पट्टीवर एकत्र घेतलेले होते, पट्टी अर्धवट दाबलेली राहील एवढे घट्ट. मग एक अर्धी गाठ. तिचं एक टोक बोटांनी धरलेलं आणि दुसरं ओढलेलं. आणि ते दुसरं टोक चावून चपटं झालेलं, त्याचे तंतू सुटलेले. ही गाठ मी रोज बघते. तिच्या बुटांवर असते, डब्याच्या पिशवीवर असते, हूडीच्या दोरीवर असते. हाराची पलीकडची बाजू काकूंनी नाकावरच्या दांडीला गुंडाळलेली होती, आणि ती दांडी हँडलबरोबर वळत नाही. हँडल वळलं तसा दोरा ताणला गेला आणि पट्टी पूर्ण दाबली गेली. हे मलासुद्धा कळलं, त्याला कळायला वेळ लागला नाही.

त्याने चष्मा लावला, टॉर्च आणली, गाठीवर बोट फिरवलं. चावलेलं टोक चिमटीत धरलं.

"तिने बांधलं?"

"हो."

"का?"

"तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस."

तो खाली फरशीवर बसला. गाडी वीक हे सांगायला मी आले होते, ते तसंच राहिलं. त्याच्या शेजारी बसावं असं वाटत होतं आणि त्याला गदागदा हलवावं असंही वाटत होतं. शेवटी त्याने फोन काढला. "काकू, मी बोलतोय. हाराचा काही दोष नव्हता. नाही, नाही, तुमचा काहीही दोष नव्हता." कारण त्याने सांगितलं नाही. पलीकडे काकू रडत असाव्यात, कारण तो नुसताच "हो काकू, हो काकू" करत राहिला.

त्यानंतर एकदा केस विंचरताना मी लेकीला म्हटलं, "मला ती गाठ दिसली." ती पाठमोरी होती. तिचे खांदे वर झाले आणि तसेच राहिले.

"आय ओन्ली वाँटेड इट टू गो स्लो," ती म्हणाली. "जस्ट वन राउंड. बाबा वॉज सो हॅपी, लाइक, द होल वीक."

"अगं, पण लागलं किती तुला."

"आय नो." आणि मग, "डोंट टेल बाबा. प्लीज, आई."

"का गं?"

"बिकॉज ही'ल स्टार्ट अगेन. फ्रॉम झीरो."

माझा कंगवा तिथेच थांबला. म्हणजे ही इतकी वर्षं त्या ताटलीसमोर बसून चिमटे दाबत होती ती हातासाठी नाही. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून दाबत होती. रोज एक "येईल" तिच्या अंगावर पडत होतं आणि ती ते उचलत होती. मला त्याचा राग आला, तिची दया आली आणि दोघांवरही इतकं प्रेम आलं की काय करावं सुचेना. मी वेणी घालून दिली. नाही सांगणार म्हटलं. त्याला सगळं कळलंय, हे मला तिला सांगता आलं नाही.

एके दिवशी मी वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले, तर स्टँडवरच्या टॉवेलांना निळे, गुलाबी, पोपटी चिमटे लावलेले. आमचे नेहमीचे लाकडी नव्हेत. डब्यातले. डबा रिकामा करून धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता. नवरा आत टीव्ही बघत होता, बघत नव्हता. लेक पाणी प्यायला आली. तिने पालथा डबा बघितला, बाल्कनीकडे बघितलं, आणि आत गेली. जेवणानंतर ताटली मांडली गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हातासाठी असलेले बाकीचे व्यायाम ती फिजिओ बाईंकडे जाऊन करते, त्यात खंड नाही. पण घरातली ताटली बंद झाली.

प्लास्टर निघालं तेव्हा हवा थंड झाली होती. एका शनिवारी नवरा म्हणाला, "मुसफ्फाला येतेस?" लेक नको म्हणाली. मग थोड्या वेळाने बूट घालून दाराशी येऊन उभी राहिली.

लाल गाडी अंगणात उन्हात होती. हार नव्हता. लेक लांबच उभी राहिली, मग हळूहळू जवळ गेली. थ्रॉटल डावीकडे होतं. अंगठ्याला थ्रॉटल आणि बोटांना ब्रेक, दोन्ही एकाच मुठीत, तिच्या हाताच्या मापाने वाकवलेलं. उजवीकडे नुसती मऊ मूठ होती, हात ठेवायला. त्या बाजूला जुनी पट्टी जिथे होती तिथे रंग उडालेला होता आणि स्क्रूची भोकं उघडी होती. इतका हौसेने मिळवलेला तो लाल रंग, पण त्याने ती भोकं बुजवली नव्हती, रंगवलीही नव्हती.

तिने सीटवर बसून डाव्या अंगठ्याने पट्टी दाबून पाहिली. सोडली. पुन्हा दाबली. मग तिने मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि वर न बघता विचारलं, "सो यू आर नॉट वेटिंग फॉर इट एनीमोअर?"

नवऱ्याच्या हातात स्टार्टरची दोरी होती. आता हा "येईल" म्हणाला तर मी याला इथेच सोडून जाईन, असं माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं.

"नाही," तो म्हणाला. "खलास."

तिने मान डोलावली, एखादी लांबलेली गोष्ट आटपली की डोलावतो तशी. हेल्मेट घातलं. पट्ट्याचं टोक दातांत धरून ओढलं. नवऱ्याचा हात मदतीला पुढे झाला आणि मधूनच मागे गेला.

"यल्ला, देन. लेट्स गो," ती म्हणाली.

त्याने दोरी ओढली. गाडी निघाली, अंगणाच्या कडेकडेने, शेडला वळसा घालून. आमच्यासमोर येईल तेव्हा थांबेल असं वाटून आम्ही दोघं पुढे झालो. ती थांबली नाही. आमच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या फेरीला निघून गेली.